फ्लॅशला फडकं

नळाला फडकं बांधलं की आमच्या घरी उन्हाळा लागला असं समजायचं. कॅलेंडर काय म्हणतंय त्याला कोण विचारतो! परवा सकाळी मायनं जुन्या पातळाचा तुकडा टर्रकन फाडला, नळाच्या तोंडाला गुंडाळला, वरून सुतळीची गाठ मारली आणि म्हणली, "झालं, टँकर चालू." तो टर्रकन आवाज ऐकला आणि मला काय बसवेना. उठलो, गॅलरीत गेलो, परत आलो, फ्रीज उघडला, बंद केला, परत गॅलरीत. माय म्हणली, "अंडं घालायच्या कोंबडीवानी काय फिरायलास रे? बस की एका जागी."

आता मायला कसं सांगू? ते फडकं बघितलं की मला पाणी आठवत नाय. मला फ्लॅश आठवतो.

तेव्हा मी कॉलेजला होतो. लागोपाठचे पावसाळे आमच्या देवगाव रंगारीला नुसती हूल देऊन गेले होते. ढग यायचे, गडगडायचे, गावभर नाटक करायचे आणि दुसऱ्याच्या शिवारात निघून जायचे. मी पारावर बसून त्या ढगांची नक्कल करायचो. गाल फुगवायचे, पोटातून गडगडाट काढायचा आणि शेवटी नुसतं 'फुस्स'. माणसं पोट धरून हसायची. हसून झालं की हळूच वर बघायची. शेवटी बापू, म्हणजे माझे वडील, बैलं घेऊन चारा छावणीत जाऊन राहिले, आणि मी, माय, आक्का असे तिघं इकडं शहरात, हर्सूलच्या पुढं पत्र्याच्या खोलीत आलो. आक्का म्हणजे माझी मोठी बहीण, रेखा. तिला शहरात आधीच नोकरी लागलेली होती म्हणून खोलीचं तरी जमलं.

शहर तेव्हा असं वाढत होतं की सकाळी कॉलेजला जाताना मोकळा प्लॉट दिसायचा आणि संध्याकाळी येताना तिथं विटांची थप्पी. आमच्या बोळातून दिवसभर टँकर जायचे, पण सगळे आमच्यासाठी नसायचे. एक पिण्याच्या पाण्याचा, तो बोळाच्या टाकीत रिकामा झाला की आमच्या नळाला पाणी यायचं. एक स्लॅबवर मारायच्या पाण्याचा. मला नुसत्या हॉर्नवरून कळायचं. पिण्याचा टँकर रडका, म्हाताऱ्या म्हशीवानी ओरडायचा. बांधकामाचा टँकर माजोरडा, लग्नातल्या नवरदेवाच्या दोस्तावानी. दोन्ही मला तोंडानं येत होते. एकदा भर दुपारी मी म्हातारी म्हैस काढली. सगळ्या खोल्यांतून बाया हंडे घेऊन बाहेर पळत आल्या. टँकर कुठंय? टँकर दारात उभा राहून दात काढत होता. आमची शेजारीण नजमाचाची, तिच्या आणि आमच्या खोलीत नुसता एक पत्रा, तिनं रिकाम्या हंड्यानंच माझी पाठ शेकली. "हौ रे, तेरेकू मस्करी सूझरी? इधर गला सूखरा!"

खरं सांगू का, त्या उन्हाळ्यात कोणालाच एका जागी बसवत नव्हतं. माय हॉर्नसाठी दारात. बापूंचा फोन आला तर रेंजसाठी मी बोळाच्या तोंडाला. कुत्री सावलीसाठी ह्या भिंतीपासून त्या भिंतीला. पत्रा तापला की खोलीत नुसता कड्कड् आवाज, जसं काय वरून कोणी चालतंय. आणि आक्का. आक्का ड्युटीवरून आली की चप्पल काढायची, पाणी प्यायची आणि खोलीत इकडून तिकडं चकरा मारायची. ती खोली म्हणजे चार पावलं. चार पावलांत चकरा मारणाऱ्या माणसाकडं बघितलं की बघणाऱ्यालाच चक्कर येते.

आक्का दवाखान्यात एक्स-रे काढायची. दिवसभर एकच मंत्र, "श्वास घ्या. धरा. हलू नका. सोडा." घरी पण तिचा आवाज तसाच, सपाट, गोड. मी तिची नक्कल करून मायला भाकरी थापताना श्वास धरायला लावायचो. आक्का हसायची आणि म्हणायची, "माझ्याकडं येणारा माणूस गोरा का काळा, मला दिसतच नाय बाळ्या. सगळ्यांची हाडं पांढरी."

पण स्थळं बघणाऱ्यांना हाडं दिसत नाहीत ना.

मायचा भाऊ, आमचे मधुमामा, शहागंजात कापडाच्या दुकानात सेल्समन. साडीची घडी उलगडता उलगडता चार सोयरिकी जुळवणारा माणूस. आक्काचं स्थळ बघायचं काम त्यांच्याकडं होतं. मामांनी आक्काला एका स्टुडिओत नेऊन फोटो काढून आणला. फोटो बघून आम्ही तिघं एकमेकांकडं बघायला लागलो. मागं हिरवागार डोंगर आणि धबधबा, दुष्काळात धबधबा, बरं का, आणि पुढं हातात प्लॅस्टिकचा गुलाब घेऊन कोणीतरी गोरीपान बाई उभी. तोंड धुतलेल्या बटाट्यावानी. आक्काच्या डाव्या डोळ्याखाली कांजण्यांचा एक वण आहे, तो पण कॉम्प्युटरवर पुसून टाकलेला. माय म्हणली, "कोण हाय ही?" मामा म्हणले, "आपली रेखा! एकदम फर्स्ट क्लास आलाय ना? आता बघ, पार्टी कशी धावत येती."

पार्टी धावत आली. धावतच परत गेली. आम्ही पाहुण्यांसाठी पाण्याचा जार विकत आणला होता, टँकरचं पाणी पाहुण्याला कसं द्यायचं म्हणून. आक्का चहा घेऊन आली. तिकडच्या एका आत्याबाईंच्या हातात फोटो होता. त्या एकदा फोटोकडं बघायच्या, एकदा आक्काकडं. फोटो, आक्का. आक्का, फोटो. मग त्यांनी फोटो शेजारी बसलेल्या बाईला दिला आणि तिनं तेच चालू केलं. आक्का ट्रे धरून तशीच उभी. नंतर दोन दिवसांनी मामा आले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणले, "पत्रिका जुळत नाय म्हणले." पत्रिका आम्ही दिलीच नव्हती.

असं ते परत झालं. आणि परत. मामांच्या 'नाय म्हणले'चे सगळे प्रकार मला पाठ झाले होते. एक 'बघू, कळवतो म्हणले'. एक 'मुलाला पुढं शिकायचंय म्हणले'. एक घसा खाकरून नुसतं 'हं'. मी नकला करायचो, माय हसून हसून डोळे पुसायची आणि मग हसणं थांबलं तरी पुसतच राहायची.

तिसऱ्यांदा झालं तेव्हा आक्का चकरा मारता मारता थांबली. म्हणली, "त्या लोकांनी नकार कोणाला दिला रे? त्यांना फोटोतली बाई आवडली होती. त्या बाईला तर मी पण कधी भेटले नाय. ती नाय मिळाली म्हणून ते परत गेले. मला कोणी बघितलंच नाय अजून." मग मायकडं वळून म्हणली, "एकदा बघेन मी अजून. एकदाच. पण फोटो माझा पाहिजे. माझ्या रंगाचा, माझ्या वणाचा. नसंल होत तर मामाला सांग, परत कोणाला ह्या दारात आणू नको. माझी नोकरी बरी आणि मी बरी." आक्का चिडली की ओरडत नाय. एक्स-रेच्या आवाजात बोलते. त्या आवाजात बोलली म्हणजे तो दरवाजा बंद झाला, ते आम्हाला कळलं. मग तिनं माझ्याकडं बघितलं. "तुझ्याकडं कॅमेरा हाय ना?"

होता. कॅमेरा होता म्हणण्यापेक्षा कॅमेऱ्याचं म्हातारपण माझ्याकडं होतं. कॉलेजातल्या एका दोस्ताकडून जुना घेतलेला. वरून मोठा फ्लॅश बसवायची त्याची खाचच मोडलेली. मोठा फ्लॅश घ्यायची ऐपत पण नव्हती, म्हणजे खाच असून तरी काय केलं असतं म्हणा. राहिला त्याचा स्वतःचा फ्लॅश. बटण दाबलं की कॅमेऱ्याच्या डोक्यातून टप्पकन वर यायचा, सरड्यानं मुंडी काढल्यावानी. आणि मग जो उजेड मारायचा! एवढुशी काच आणि एवढा राग. समोरच्याच्या कपाळावर तेलाचं डबकं, डोळ्यांत लाल इंगळ आणि मागं भिंतीवर काळी कुळकुळीत सावली, जसं काय माणसामागं दुसरा कोणीतरी दबा धरून बसलाय. मी काढलेल्या फोटोत सगळी माणसं अशी दिसायची की पोलीस आत्ताच दार तोडून आलेत.

आता कोणी म्हणंल, बाहेर उजेडात काढायचा की फोटो. बाहेर ऊन असं की ते फ्लॅशचाच मोठा भाऊ. डोळे उघडतच नव्हते. आणि बोळात रांगेला सगळ्या बाया. स्थळाचा फोटो रांगेपुढं काढला असता तर प्रत्येकीनं पदर कसा घ्यायचा ते सांगितलं असतं. आत काढावा तर उन्हाच्या भीतीनं खिडकीला पोतं, अंधार गुडुप. म्हणजे फ्लॅश पाहिजेच. फक्त त्याचा राग उतरवायचा होता.

मी पेटलो. आधी दुधाची पिशवी. धुतली, उलटी केली, कापून फ्लॅशवर चिकटवली. आक्का जरा निळी पडली, बाकी काय नाय. मग मिठाईच्या खोक्यातला बटर पेपर. मग टेबल टेनिसचा चेंडू अर्धा कापून टोपीवानी बसवला. मग रुमाल, मग चहाची प्लॅस्टिकची गाळणी, माझ्या नाकाला अजून त्या चहाचा वास आठवतो. दरवेळेस उजेड कमी व्हायचा, पण सावली तीच, धार तीच. ओरडणारा माणूस तोंडावर हात ठेवून ओरडायला लागला, एवढाच काय तो फरक. प्रत्येक फोटो काढला की फ्लॅश परत भरेपर्यंत कॅमेरा बारीक आवाजात कण्हायचा, चीईईं. त्या आवाजानं मी अजून सैरभैर. आक्का भिंतीला टेकून उभी, ड्युटीवरून आलेली, घामानं निथळलेली. "झालं का रे?" "थांब, एक आयडिया आली." "तुझ्या आयडियानं मी म्हातारी होईन."

आणि मग माझी नजर नळाच्या फडक्यावर गेली.

महिनाभर टँकरचं गढूळ पाणी गाळून गाळून ते फडकं मऊसूत झालं होतं. कसं मस्त पातळ, उजेडाला धरलं की आरपार. मी म्हणलं, जे पाण्याचा गाळ धरतं ते उजेडाचा धरणार नाय का? गाठ सोडली, फडकं काढलं, पिळलं, दोन पदर करून फ्लॅशला बांधलं. काढला फोटो. बघतो तर आक्का पिवळीधमक! मुरमाच्या पाण्यानं फडक्याला रंग चढलेला, तो सगळा उजेडात उतरला. तेवढ्यात मामा आले. त्यांनी कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर फोटो बघितला आणि उडालेच. "अरे वा! हळद लागली की पोरीला! लई चांगला शकुन! हाच पाठवू, हाच!" आक्का म्हणली, "मामा, कावीळ झाल्यावानी दिसतेय मी." मामा म्हणले, "कावीळ नाय गं, चमक हाय ती. क्या बात करते!"

हे सगळं चालू असताना बाहेर म्हातारी म्हैस ओरडली. खरी. माय धावत गेली, नळाखाली ड्रम लावला आणि आत येऊन पिठाचे हात धुवायला लागली. नळाला फडकं नाय हे कोणी बघितलंच नाय. माय परत बाहेर गेली आणि तिथून जी आरोळी आली, ती नक्कल मी अजून करत नाय. ड्रममध्ये चिखल, पालापाचोळा, एक चप्पलचा पट्टा आणि एक जिवंत बेडकाचं पिल्लू. आठवडाभराचं पाणी! "फडकं कुठंय? माझं फडकं कोणी नेलं?" मी कॅमेरा पाठीमागं लपवला, पण फडक्याचं टोक लोंबत होतं.

नजमाचाची आली. ड्रममध्ये बघितलं, माझ्याकडं बघितलं, फडक्याकडं बघितलं. म्हणली, "फोटू के वास्ते पानी का कपडा? या अल्ला, ये लडका दूल्हा बनेगा तो दुल्हन को छान के लाएगा." मग आपल्या खोलीतून तुरटीचा खडा घेऊन आली आणि बाही वर करून ड्रममध्ये गोल गोल फिरवायला लागली. "अब हिलाना नको किसीने. बैठने दो." आम्ही सगळे ड्रमभोवती बसलो. गढूळ पाण्यात बघत बसायचं हे पण काय काम झालं का, पण बसलो. त्या सगळ्या उन्हाळ्यात आम्ही एका जागी बसलेलो मला तेवढं एकदाच आठवतं.

आता काय, आता फोटो काढणं हाच माझा धंदा, माझ्याकडं सगळं आहे. फ्लॅशचा उजेड मऊ करायला पांढऱ्या कापडाच्या मोठमोठ्या छत्र्या, पेट्या, स्टँड. बीड बायपासच्या लॉनवर लग्न असलं की माझा उजेड मांडवाआधी उभा राहतो. नवऱ्या मुली मेकअप करून येतात आणि कानात सांगतात, "दादा, गोरं करून द्या हं." मी म्हणतो, "ताई, पूर्ण गोरं का थोडं शिल्लक ठेवू?" त्या हसतात. हसल्या की मी बटण दाबतो. मागल्या आठवड्यात एक जोडपं म्हणलं, आम्हाला हर्सूल तलावात फोटो काढायचे. मी म्हणलं, तलाव आटलाय. म्हणले, तेच तर, भेगाळलेल्या जमिनीवर भारी येतात. गेलो. तो सूट घालून, ती लांब गाऊन घालून, आटलेल्या तलावाच्या मधोमध. लांबून एक म्हातारा शेळ्या घेऊन चालला होता. थांबला, बघितलं आणि म्हणला, "काय हरवलंय व्हय इथं?" नवरदेव म्हणला, "नाय आजोबा, फोटो काढायलोय." म्हातारा म्हणला, "अस्सं," आणि शेळ्यांमागं निघून गेला. मी त्याचं ते 'अस्सं' आठवडाभर घोळवतोय. जमलंय जवळजवळ. जमलं की सांगतो.

नक्कल करायची एक रीत असते. नवशिका नकल्या माणसाला समोरून धरतो. नाक वाकडं तर नाक वाकडं, तोतरा तर तोतरा. त्यात माणूस नाय येत, नुसता त्याचा अपघात येतो. माणूस यायचा असंल तर बाजूनं जावं लागतं. मामांची नक्कल करताना मी मामांचा आवाज आधी काढतच नाय. आधी हातात नसलेली साडी उलगडतो. ती साडी हवेत पसरली की मामा आपोआप तिच्या मागं येऊन उभे राहतात. हे मला तेव्हा पण येत होतं. पण जे तोंडाला येत होतं ते कॅमेऱ्याला शिकवावं, हे डोक्यात यायला पापड लागले.

पापडच. पाणी नाय म्हणून त्या वर्षी मायनं कुरडया घातल्याच नाहीत, नुसते उडदाचे पापड लाटले. उडदाचे पापड सावलीत वाळवतात. तिनं खोलीत बाजेवर बापूंचं पांढरं धोतर ताणून बांधलं होतं आणि त्यावर पापड. एका दुपारी पापड वाळले, तिनं ते डब्यात भरले आणि झाडायला जागा पाहिजे म्हणून बाज धोतरासकट भिंतीला उभी केली. आक्काला सुट्टी होती. ती माझ्यापुढं तिरकी उभी राहून छोट्या आरशात टिकली बघत होती. मी कॅमेरा चालतो का बघायला सहज बटण दाबलं. उजेड आरशावर आदळला आणि वळून धोतरावर जाऊन पडला. सगळं धोतर क्षणभर पेटल्यावानी झालं, सकाळी पूर्वेकडं होतं तसं. फोटोत बघतो तर आक्काचा एक गाल नेहमीसारखा भाजलेला आणि दुसरा, धोतराकडचा, असा, असा की मी गप्पच झालो. मी गप्प झालो म्हणून माय घाबरली. "काय झालं रे? बिघडला का?"

"आक्का, आरसा दे."

तिच्या केसांच्या चिमट्यांनी तो आरसा मी फ्लॅशच्या पुढं तिरका बसवला. म्हणजे आता फ्लॅशनं कितीबी डोळे वटारले तरी आक्काला थेट काय दिसायचं नाय. सगळा राग आधी धोतरावर. आणि बाजेएवढं मोठं धोतर, ते काय कोणावर ओरडतंय! ते नुसतं उजेड घेणार आणि हळूच पुढं सारणार. माय झाडू हातात घेऊन उभी. आक्का बाजेशेजारी जाऊन उभी राहिली आणि लगेच स्टुडिओतल्यावानी ताठ झाली. मान तिरकी, ओठ आवळलेले, हात कुठं ठेवायचे कळंना. मी मामा काढून बघितले, साडी उलगडून बघितली. ती हसली, पण ते हसणं माझ्यासाठी होतं, लहान भावासाठीचं. तो पण तिचा चेहरा, पण स्थळाला पाठवायचा नव्हे. मग मी तिचाच आवाज काढला. सपाट, गोड.

"श्वास घ्या."

तिनं सवयीनं घेतला.

"धरा. हलू नका."

धरला. दवाखान्यात किती माणसांना तिनं हे सांगितलं असंल आणि आज पहिल्यांदा तिला कोणी सांगत होतं. डोळ्यांत जरा गंमत आली, जरा पाणी पण.

"सोडा."

तिनं सोडला, आणि मी दाबलं.

त्या फोटोत आक्का आहे. भाजलेल्या शेंगदाण्याचा रंग, डोळ्याखाली वण, त्या वणाच्या एका बाजूला मोहरीएवढी सावली. मागं निळ्या भिंतीवर कोणी दबा धरून बसलेला नाय. नुसता श्वास सोडलेली बाई, जी आता काहीतरी बोलणार आहे. मायनं पदरानं हात पुसले आणि कॅमेऱ्याच्या काचेवर त्या वणाला बोट लावलं. "लहानपणी खाजवला होता हिनं. हात बांधून ठेवले होते तरी." एवढंच म्हणली.

मामांनी फोटो जवळ धरून बघितला, लांब धरून बघितला. "बाळ्या, चांगला हाय रे. पण रंग?" आक्का म्हणली, "मामा, रंग ते घरी आले की दिसणारच हाय ना? मग आधीच दिसू द्या. त्यांचा रिक्षाचा खर्च वाचंल." मामा म्हणले, "तू मार्केट खराब करती पोरी." पण घेऊन गेले.

पंधरा दिवस काहीच नाय. माय म्हणायची, फोन आला का? मी म्हणायचो, टँकर आला. आक्काच्या चकरा परत चालू. मला वाटायला लागलं, हिरवा डोंगरच बरा होता का? निदान माणसं यायची तरी.

मग एक दिवस कन्नड तालुक्याकडची माणसं आली. मुलगा, त्याचे वडील, आई. मुलाच्या आईनं दारात चपला काढल्या, आक्काकडं बघितलं आणि सरळ विचारलं, "टँकर कितव्या दिवशी येतो तुमच्याकडं?" फोटो पर्समध्येच राहिला. काढायची गरजच पडली नाय. माय त्यांच्याशी तुरटीवर बोलायला लागली, वडील चारा छावणीवर. मी कोपऱ्यात बसून नुसता बघत होतो. एवढं साधं असतं व्हय हे? मुलगा पण बरा होता, हसरा, दात पुढं. तो आणि आक्का बाहेर नळाजवळ उभे राहून बोलले. मामांच्या चेहऱ्यावर मांडव दिसायला लागला.

दुसऱ्याच दिवशी मामा पेढे घेऊन आले. "होकार! म्हणले, मुलगी जशी फोटोत तशीच हाय, आम्हाला पसंत!" मायनं पेढा देवापुढं ठेवायला हात पुढं केला, तेवढ्यात आक्का म्हणली, "मला नाय पसंत."

खोलीत पत्रा वाजला, कड्.

"काय म्हणली?" मामा.

"तो म्हणला, लग्न झालं की एक्स-रेचं काम सोडायचं. ते किरण बाईला बरे नसतात म्हणे. मी सांगितलं, आम्ही जाड भिंतीमागं उभं राहतो, शिशाचा कोट असतो, दर महिन्याला तपासणी होती. तो म्हणला, ते ठीक हाय, पण सोडायचं."

"अगं, नंतर समजावता येतंय!"

"मामा, तो चांगला माणूस हाय. त्यानं मला बघितलं, मी पण त्याला बघितलं. मला नाय पसंत."

 मायनं पेढा हळूच परत खोक्यात ठेवला आणि झाकण लावलं. मामा खाली बसले. टोपी काढली, मांडीवर ठेवली, परत घातली. खिशातून फोन काढला, परत ठेवला. आयुष्यभर त्यांनी 'नाय म्हणले' तिकडून इकडं आणलं होतं. इकडून तिकडं न्यायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. ते माझ्याकडं वळले.

"बाळ्या, तू माझी नक्कल करतो ना रे? कसं बोलू मी त्यांना? करून दाखव बरं."

मी उभा राहिलो. घसा खाकरला. हवेत साडी उलगडली. तोंड उघडलं आणि काहीच आलं नाय. मामांचा असा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता, काढणार कुठून?

मामांनी फोन लावला. पलीकडं कोणीतरी आनंदानं 'बोला बोला' म्हणलं. मामांनी एकदा आक्काकडं बघितलं. ती भिंतीला टेकून उभी होती, चकरा न मारता.

"नमस्कार," मामा म्हणले, "आमच्या मुलीला मुलगा पसंत नाय." आणि मग, ना पत्रिका, ना शिक्षण, पुढं काहीच न जोडता ते थांबले.